बँडमागे फिरणारा कुश

कुशला कशाचीच घाई नसते, ही एक गोष्ट शुभाच्या डोक्यातून जात नव्हती. माणूस दारुडा असला, उधळा असला, तर निदान त्याच्यावर बोट ठेवता येतं. पण छत्तिशीला आलेला, सहा फुटी, दाढीत पांढरे केस डोकावू लागलेला माणूस सदा निवांत असतो, याला काय म्हणायचं? आणि आश्लेषा, शुभाची एकुलती एक मुलगी, जी आईशी फोनवर बोलताना एका हाताने भांडी लावते आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसलेली असते, ती या निवांत माणसाबरोबर जन्म काढायला निघाली होती. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या आपल्या अपार्टमेंटमध्ये भाजी चिरता चिरता शुभाचा हात मध्येच थांबायचा. उद्या यांच्या घराला आग लागली, तर हा आधी चहा संपवेल आणि मग उठेल.

कुश जन्मला, वाढला ईडन प्रेरीत, म्हणजे मिनेसोटात. वडील श्रीराम आणि आई शैला मूळ नागपूरचे. त्यांनी मुलाला गणिताच्या क्लासला नेलं, पोहायला नेलं, थंडीत गाडीवरचा बर्फ खरवडून व्हायोलिन शिकायला नेलं. एवढं करून मुलगा काय झाला, तर मिनिॲपोलिसच्या एका मोठ्या किराणा दुकानासाठी चीज निवडतो. विस्कॉन्सिनच्या डेअऱ्यांतून हिंडतो, गाडीच्या चाकाएवढ्या चीजवर टिचकी मारतो, वास घेतो, डोळे मिटून विचार करतो, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. हे प्रथम कळलं तेव्हा राजेश, शुभाचा नवरा, फोनमधून मान वर न करता म्हणाला होता, "चला. आईबापांच्या कष्टांचं चीज झालं." शुभा त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच हा विनोद पुण्याला बहिणीला फोन करून सांगितला.

पण चीज परवडलं. खरी अडचण बँडची होती.

बँडचं नाव स्लो फेरी. नावातच सगळं आलं. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजात पाच पोरं एकत्र वाजवू लागली आणि अजून थांबायला तयार नव्हती. आता त्यांतला प्रत्येकजण सत्तरीच्या पुढे. त्यांची गाणी ठरल्या जागी संपत नाहीत; एकजण वाजवत सुटतो, बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि वाट सापडली तर परत येतात. याला म्हणे जॅम म्हणतात. आणि हे ऐकायला माणसं गावोगाव त्यांच्यामागे हिंडतात. कुश कॉलेजपासून हिंडत होता. त्याची एकूण एक रजा त्या फेरीत बुडत होती.

"बँडमागे फिरतो म्हणजे?" बहिणीने, विनीताने, विचारलं होतं. "वरातीच्या?"

"वरातीचा बँड बरा गं. मांडव आला की थांबतो तरी."

"मग त्याला तो लाल पोशाख वगैरे असतो का?"

शुभाला कुशचे ते रंगीबेरंगी टी-शर्ट आठवले, होळीनंतर न धुतलेल्या फडक्यासारखे. "असतो," ती म्हणाली.

एकदा त्याने फोनवर तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. "मावशी, इट्स लाइक युवर राग."

शुभाची दहा वर्षं पुण्यात गाणं शिकण्यात गेली होती. तिने शांतपणे विचारलं, "राग म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

"हो," कुश म्हणाला. "आई करते तो."

राजेश इतका हसला की त्याला ठसका लागला. शुभाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यात पुन्हा कुश तिला "तू" म्हणायचा. मावशी, तू बस. मावशी, तू खाल्लं का. भेटीच्या पहिल्या मिनिटापासून तू. शैलाने मुलाला व्हायोलिन शिकवलं, अहो-जाहो शिकवायला वेळ झाला नाही.

आता गोष्ट साखरपुड्यापर्यंत आली होती. शैलाचे फोन येत होते, गोड आणि चिवट. "ताई, तारीख धरायची का? हॉलवाले विचारतात." शुभा म्हणायची, कळवते. आश्लेषाने तर सरळच सांगितलं होतं, "आई, तुझ्या मनात नसेल तर आत्ता नाही म्हण. तोंड वाकडं करून साखरपुड्याला उभी राहणार असशील, तर मला तो करायचाच नाही. पण आधी एकदा आमच्याबरोबर व्हेगसला ये. कुशची खूप इच्छा आहे की तू शो बघावास. मग काय ते शैलाकाकूंना सांग."

राजेशने लगेच गुडघ्याचं कारण पुढे केलं. शुभा एकटी गेली. विमानात तिने शैलाला सांगायचं वाक्य मनात घोळवून पक्कं केलं. नाही असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तिच्या माहेरी एखादं स्थळ नको असलं की आई म्हणायची, "बघू, घाई नको." पलीकडच्या माणसाला नेमकं कळायचं आणि कोणाचा अपमान व्हायचा नाही. शुभाही तेच म्हणणार होती. शैलाताई, मुलं छान आहेत, पण जरा घाई नको. रविवारी सकाळी फोन करते, असं तिने शैलाला कळवूनही टाकलं होतं.

लास व्हेगसमध्ये कार्यक्रमाची जागा म्हणजे एक अवाढव्य गोळा होता. हॉटेलच्या खिडकीतून दिसायचा. रस्त्यापलीकडे कोणीतरी राक्षसाचा लाडू ठेवून विसरून गेलंय असा. त्यावर बाहेरूनच चित्रं उमटत होती; घटकेत भोपळा, घटकेत बास्केटबॉल, घटकेत उघडझाप करणारा एक प्रचंड डोळा. शुभाने पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी जेवताना कुश फारसा बोलला नाही. आश्लेषाने त्याला येण्याआधी शिकवणी दिली असावी, कारण तो प्रत्येक वाक्यापूर्वी थांबून तयारी करत होता. "मावशी, तुम्ही... पाणी पाहिजे का, तुम्हीला?"

"तुम्हाला," आश्लेषा फोनवरून नजर न काढता म्हणाली.

"तुम्हाला. सॉरी."

शुभाने पाणी घेतलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून तिने विचारलं, "आज काय काय वाजवणार आहेत?"

"ते कोणालाच माहीत नसतं. दॅट्स द पॉइंट." मग तो एकदम खुलला, आणि तुम्ही-बिम्ही सगळं विसरून सांगू लागला. एक गाणं होतं, ओमाहा लाँड्री. एक माणूस परगावच्या लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसलाय, एवढंच. बँडने ते वाजवणंच सोडलं होतं, क्वचित कधीतरी काढायचे. कुश एकोणीस वर्षांचा असल्यापासून ते समोर बसून ऐकायची वाट बघत होता. एकदा तो गाडी हाकत पार कोलोरॅडोला पोचला, तर ते आदल्या रात्रीच वाजवून झालं होतं.

"यूट्यूबवर असेल की," शुभा म्हणाली.

"आहे ना."

"मग?"

कुशने विचार केला. "मावशी, तू आश्लेषाचे फोटो फोनवर रोज बघते. मग तिला भेटायला कशाला येते?"

शुभाने संतापून उरलेलं पाणी एका घोटात संपवलं.

गोळ्याच्या दाराशी सगळी फेरीची माणसं जमली होती. शुभाच्या वयाच्या बायका डोक्याला फुलं खोवून, पायांत घुंगरू नव्हे पण तसलंच काही बांधून. शेंडी राखलेले टकले आजोबा. सगळेजण सगळ्यांना मिठ्या मारत होते, आणि कुशला तर नावानिशी. "हॅपी शो, ब्रदर." वयाची साठी उलटलेल्या माणसांनी कोणाला ब्रदर म्हणत पहाटेपर्यंत नाचावं, आणि तेही घरी गुडघ्याचं दुखणं सांगून आल्यासारखं, हे बघून शुभाला राजेशची आठवण झाली आणि पहिल्यांदाच त्याचा अभिमान वाटला. एका वेणीवाल्या आजोबांनी तिच्या तळहातावर कापसाचे दोन बोळे ठेवले. "फॉर युवर इयर्स, डार्लिंग." तिने ते पर्समध्ये टाकले.

आत गेल्यावर कळलं की हा लाडू आतून पोकळ आहे. डोक्यावर उपडी कढई घातल्यासारखं ते छत, समोरून सुरू होऊन पाठीमागेपर्यंत गेलेलं, आणि त्या सगळ्याचा मिळून एक पडदा. खुर्च्या अशा उभ्या चढणीवर की पुढच्या माणसाचं डोकं आपल्या पायाशी. मधल्या खुर्चीवर शुभा, एका बाजूला आश्लेषा, दुसऱ्या बाजूला कुश. खाली मुंग्यांएवढे पाच म्हातारे आले. एकजण स्टुलावर बसला. लोकांनी असा गलका केला जसं काही त्यांनी बसून दाखवलं हेच पुष्कळ झालं.

मग सुरू झालं. शुभाने प्रामाणिकपणे ऐकलं. पहिली दोन मिनिटं बरी होती. पुढे गिटारवाला एका सुराला खाजवत बसला. दोन ढोलवाले, एकाने भागलं असतं, ते एकमेकांची परवानगी मागितल्यासारखे वाजवत होते. आलाप म्हणावा तर बढत नाही, तान म्हणावी तर दाणा नाही. शुभा बाथरूमला गेली, रांगेत उभी राहिली, एका बाईशी तिच्या नातवंडांविषयी बोलली आणि परत आली, तर तेच गाणं चालू होतं. आणि कुश डोळे मिटून, चीजचा वास घेताना घेत असेल तशा चेहऱ्याने, डुलत होता.

पडद्यावर मात्र कसलीच कसर नव्हती. जंगलं, तारे, समुद्रतळाचे मासे. म्हाताऱ्यांना जे वाजवता येत नव्हतं ते भिंती करत होत्या. शुभाच्या मनात आलं, एवढा पडदा लावला तर आमच्या मंडळाच्या गणपतीतली करमणूकसुद्धा लोक पैसे देऊन बघतील.

मग पडद्यावर एक नदी आली आणि सगळं प्रेक्षागार तिच्यावरून तराफ्यासारखं निघालं. नदी वेगाने वाहू लागली, कडेची झाडं तिरपी झाली, आणि पुढे पाणी एकदम तुटून खाली कोसळलं. शुभाची खुर्ची जागच्या जागी होती. शुभा मात्र कोसळली. तिच्या कानात घूं झालं, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेना. तिने आश्लेषाचा हात पकडला.

"आई, इट्स जस्ट द स्क्रीन," आश्लेषा म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने फोन उंच धरला होता आणि धबधब्याचं चित्रण करत होती. "डोळे मिट, होईल ठीक."

शुभाने डोळे मिटले. मिटल्यावर जास्तच गरगरलं. घाम फुटला. आपण इथे, या चढणीवर, या शेंडीवाल्यांच्या डोक्यावर उलटी करणार, हे तिला लख्ख दिसलं.

"मावशी." कुश तिच्या समोर, पुढच्या रांगेच्या पाठीला टेकून उकिडवा बसला होता. "माझ्याकडे बघ. वर नको. माझ्याकडे बघ. ऊठ."

ती उठली. जिन्याला नीट कठडासुद्धा नव्हता. कुश तिच्या पुढे, तोंड तिच्याकडे करून, उलटा एकेक पायरी उतरू लागला. तिचे दोन्ही हात त्याच्या हातात. त्याच्या पाठीमागे तो कडा आणि नदी आणि सगळं जग कोसळत होतं, आणि तो मिनेसोटाच्या एखाद्या तळ्याकाठी फिरायला निघाल्यासारखा उतरत होता. तिने पाय भरभर टाकायचा प्रयत्न केला, कारण तिला तिथून सुटायचं होतं.

"घाई नको," कुश म्हणाला. "घाई नको, मावशी. एक पाय ठेव. ठेवला? आता दुसरा."

शुभाने त्याच्या दाढीतल्या पांढऱ्या केसांवर नजर ठेवली आणि त्याने सांगितलं तसं केलं. आपण उद्या शैलाला म्हणणार होतो ते हेच दोन शब्द, हे तिला चौथ्या का पाचव्या पायरीवर लक्षात आलं. त्या अवस्थेतही तिला ते आवडलं नाही.

बाहेरच्या गोल ओसरीत गालिचा होता, पांढरे दिवे होते, भिंती जिथल्या तिथे होत्या. ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. कुशने पाणी आणलं आणि तोही तिच्याशेजारी मांडी घालून बसला. कशी आहेस, असं त्याने दर मिनिटाला विचारलं नाही. राजेशने विचारलं असतं, आणि मग स्वतःच घाबरला असता.

थोड्या वेळाने आतलं संगीत थांबलं, लोक ओरडले, आणि पुन्हा सुरू झालं. भिंतीतून नुसती धडधड ऐकू येत होती, त्यावर गिटारची एक बारीक ओळ. कुशची पाठ ताठ झाली.

"काय झालं?"

"काही नाही."

"तेच आहे का ते? लाँड्री?"

त्याने तळहात मागे भिंतीवर ठेवला, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा.

"मग जा ना," शुभा म्हणाली. "जा. मी बसते इथे."

"नको. तू उठशील आणि पडशील."

"मी काय लहान आहे का? जा म्हणते ना."

"मावशी, बस," कुश म्हणाला. आवाज चढवला नाही, पण त्यात वाद घालायला जागा नव्हती. मग तो भिंतीला हात लावून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलंही नाही. छत्तीस वर्षांचा बाप्या एका लाँड्रीच्या गाण्यासाठी चारचौघांत रडत होता. शुभाला हे बघवेना. तिने दुसरीकडे बघितलं. तिकडे पॉपकॉर्नचं दुकान होतं. पुन्हा इकडे बघितलं. त्याने एकदाही दाराकडे मान वळवली नव्हती.

गाणं अर्थातच संपत नव्हतं. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच शुभाला वाटलं, बरं आहे, संपत नाही ते. तिने भिंतीला धरून उभं राहून बघितलं. जमीन जमिनीसारखी राहिली.

"चल," ती म्हणाली. "दारापर्यंत. मी बघणार नाही, नुसती उभी राहीन."

ती दाराच्या बोगद्यात पडद्याकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून, त्याच्या रंगीबेरंगी शर्टाची बाही धरून उभी राहिली. गिटारवाला कुठल्या कुठे गेला होता. शुभाने वाट बघितली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. बऱ्याच वेळाने तो म्हातारा पहिल्या ओळीवर परत आला. उशिरा, आणि थोडा उतरलेला. पण परत आला, आणि शुभाने बाही आणखी घट्ट धरली.

शो सुटल्यावर आश्लेषा पळत आली. "आई, ठीक आहेस ना? कुश, मी अख्खं रेकॉर्ड केलंय तुझ्यासाठी. फोर के."

"थँक्स, आशी," कुश म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. हे शुभाच्या लक्षात आलं.

"तू बाहेर का नाही आलीस गं?" तिने मुलीला विचारलं.

आश्लेषाला प्रश्नच कळला नाही. "कुश होता ना."

शुभाने आपल्या मुलीकडे नीट पाहिलं. हुशार, देखणी, चार कामं एका वेळी करणारी. तिने स्वतःच वाढवलेली. कुश होता ना. घराला आग लागली तर ही मुलगी आधी बाहेर पडेल, आणि आईला हॉटेल बुक करून देईल. अगदी चांगलं हॉटेल.

सकाळी न्याहारीला कुश दोन कप घेऊन आला. थांबला, तयारी केली, आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही चहा घेणार का? तुम्हाला आता बरं वाटतंय का?"

एकही चूक नव्हती. आश्लेषा खूश झाली. शुभाला मात्र बँकेच्या काउंटरवर उभं असल्यासारखं वाटलं.

"असं काय बोलतोस?" ती म्हणाली.

कुश गोंधळला. "चुकलं? आशीने असंच सांगितलं."

"तिला काय कळतंय. काल बोलत होतास तसं बोल."

"पण काल तर मी चुकत होतो."

"मग चुकत राहा," शुभा म्हणाली. तिने चहा घेतला. चहा भयंकर होता.

आश्लेषा लॅपटॉप उघडून बसली. कुश टोस्टला लोणी लावू लागला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, संथपणे. शुभा फोन घेऊन खिडकीशी गेली. बाहेर तो गोळा दिवसाउजेडीही डोळा उघडून बसला होता. तिने त्याच्याकडे पाठ केली. बँड तिला काल जितका वाईट वाटला होता तितकाच आजही वाटत होता. शर्टही. चीजचं तर बोलायलाच नको. या माणसाला घाई नव्हती आणि कधी होणारही नव्हती. म्हणजे घाई तिलाच करायला हवी होती, आश्लेषाचा नेमका स्वभाव त्याच्या ध्यानात येण्याआधी. विमानात पाठ केलेलं वाक्य तिने मनातल्या मनात खोडलं. शैलाताई, त्या हॉलवाल्यांची जवळात जवळची तारीख कोणती, एवढंच विचारायचं. आणि एक अट आधीच घालायची, बँड आपण ठरवू.

तिने शैलाचं नाव शोधलं आणि फोन लावला.